कितीपैकी?

माझी भाकरी आकड्यांवर चालते. हिंजवडीच्या फेज टूमध्ये बसून मी परदेशातल्या रुग्णालयांसाठी तक्ते तयार करते. कोणत्या विभागात किती खाटा रिकाम्या आहेत, कोणत्या शस्त्रक्रियेनंतर रुग्ण पुन्हा दाखल होतात, औषधांचा साठा कधी संपेल, असं ते काम. त्यातली आकडेमोड मी कॉलेजात शिकले आणि हत्यारं कंपनीत शिकले. समोर आलेल्या आकड्याला आधी काय विचारायचं, हे मात्र मला आमच्या पट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आरोग्य सहायिकेने शिकवलं. सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा एलएचव्ही. आशाताईंपासून सरपंचांपर्यंत सगळे त्यांना सिस्टर म्हणत, म्हणून मीही सिस्टरच म्हणते. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. ते छापून आलेलं त्यांना रुचणार नाही आणि त्यांच्या मर्जीबाहेर मी जाणार नाही.

आमची गाठ पडली ती कंपनी कायद्यामुळे. एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के भाग सामाजिक कामावर खर्च करावा लागू लागला. आमच्या कंपनीने आरोग्य केंद्राला संगणक दिले, आणि ते वापरायला शिकवण्यासाठी आम्हा काही जणांना शनिवारी तिथे जायला सांगितलं. केंद्राच्या भिंतीवर महिनावार कामाचा तक्ता होता. गोवराच्या लसीसमोरचा टक्का शंभराच्या वर गेलेला दिसला, तेव्हा मी विचारलं, ‘‘सिस्टर, शंभरातली शंभर मुलं झाल्यावर वरची कुठून आली?’’

त्या रजिस्टर भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘वरचा आकडा बघितला ना मॅडम, आता खालचा बघा. कितीपैकी धरलंय?’’

मग त्यांनी पेन्सिलने हिशोब मांडला. उपकेंद्राची लोकसंख्या पाच हजार धरू. जन्मदर हजारी वीस धरला तर वर्षाला शंभर बाळं अपेक्षित. काही गर्भ टिकत नाहीत, म्हणून दहा टक्के वाढवून गरोदर माता एकशे दहा. वर्षाचं उद्दिष्ट ठरतं ते यावरून, लसी, गोळ्या आणि कार्डांची मागणीही यावरूनच ठरते. ‘‘आता ही लोकसंख्या आणायची कुठनं? तर दोन हजार अकराच्या जनगणनेतनं, वर थोडी वाढ धरून. त्यात तुमची सोसायटी नाही, पलीकडचा लेबर कॅम्प नाही. लस मात्र दोघांच्या पोरांना आम्हीच टोचतो. मग टक्का शंभरावर जाणार नाही तर काय होणार?’’

हिंजवडीला न पाहिलेल्या माणसाला यातली गुंतागुंत सांगायला हवी. मुळशी तालुक्यातलं हे गाव. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाची यात्रा भरते, बगाड निघतं, गळकरी ठरतो, वाकडशी असलेलं जुनं नातं त्या दिवशी पुन्हा उजळतं. त्याच गावाच्या शिवारात राजीव गांधी इन्फोटेक पार्कचे टप्पे उभे राहिले आणि माण, मारुंजीच्या माळावर बावीस-बावीस मजली इमारती आल्या. ग्रामपंचायत मात्र ग्रामपंचायतच राहिली. महापालिकेची हद्द वाकडपाशी संपते. सपाट भागात तीस हजार वस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि पाच हजारांना एक उपकेंद्र, हा निकष खेड्यांचा विचार करून ठरलेला. एका सोसायटीत आख्खं गाव मावेल, अशी वस्ती कुणाच्या मनात तेव्हा नव्हती.

त्यात जन्माच्या नोंदीचा पेच. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. नोंद होते ती जन्म जिथे झाला तिथे. माणच्या कॅम्पातली बाई पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात बाळंत झाली, की बाळाचा दाखला महापालिकेचा. माझ्यासारखी वाकड-बाणेरच्या खासगी दवाखान्यात बाळंत झाली तरी तेच. गावच्या नोंदवहीत ते बाळ नसतं. पहिलटकरीण माहेरी गेली तर नोंद माहेरच्या गावात. उलट यात्रेच्या सुमाराला हिंजवडीच्या लेकी माहेरी येतात, त्यातल्या काही बाळंतपणापर्यंत राहतात, आणि त्यांची नावं सासरच्या रजिस्टरात राहून जातात. सिस्टर यात्रेच्या आठवड्यात मुद्दाम घरोघर फिरत. देवाला नारळ वाहायचा आणि येता येता चार दारांशी थांबून विचारायचं, ‘‘लेक आली का गं? कितवा महिना?’’ ही नावं त्या वेगळ्या वहीत लिहीत. ही वही कुठल्या नमुन्यात बसत नव्हती, पण सगळ्यात खरी तीच होती.

मी एकदा विचारलं, की ही सवय कुठून लागली? त्यांनी पोलिओचं नाव घेतलं.

पल्स पोलिओच्या मोहिमेला मी तोवर लहानपणी बोटावर लागलेली शाई एवढंच समजत होते. सिस्टरांकडून कळलं ते निराळं. बूथचा रविवार झाला की दुसऱ्या दिवसापासून घरभेटी. घरातल्या पाच वर्षांखालच्या सगळ्या बाळांना डोस मिळालेला असेल तर दारावर खडूने ‘पी’. एखादं बाळ बाहेर गेलेलं असेल, घराला कुलूप असेल, कुणी नकार दिला असेल, तर ‘एक्स’. संध्याकाळी सगळ्या पथकांचे टॅली शीट घेऊन बैठक. तिथे ‘किती पाजले’ याला फार किंमत नसे. विचारणा असे ती एक्स घरांची. कुठल्या गल्लीत जास्त? का? कुलूप की नकार? दुसऱ्या दिवशी सकाळी कुठलं पथक कुठे जायचं ते त्या उत्तरांवरून ठरे. एसटी थांबे, वीटभट्ट्या, साखर कारखान्यांचे अड्डे, बांधकामांवरच्या पत्र्याच्या खोल्या यांना वेगळी पथकं असत. भारतातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. या यशाचं श्रेय लसीला आणि लाखो कार्यकर्त्यांच्या पायांना आहेच. संध्याकाळी जमलेला आकडा सकाळी वापरला जाई, यालाही आहे, असं मी आता ठामपणे म्हणते.

कारण बाकीच्या वेळी आकड्यांचा प्रवास एकाच दिशेने होतो. सेविका लिहिते, केंद्रात बेरीज होते, तालुक्याला जाते, जिल्ह्याला जाते, मुंबईला, दिल्लीला. २००८ मध्ये एचएमआयएस हे आरोग्य माहितीचं पोर्टल आलं, मग माता आणि बालकांची नावनिशीवार नोंद ठेवणाऱ्या प्रणाली आल्या, क्षयरोगासाठी २०१२ मध्ये निक्षय आलं, साथरोगांसाठी आयएचआयपी आलं. प्रत्येकामागे चांगला हेतू आहे. पण ज्या बाईने बाळाचं वजन करून ते लिहिलं, तिच्याकडे त्या वजनाचं पुढे काय झालं हे परत येत नाही. जे परत येतं ते बहुतेकदा स्मरणपत्र असतं, अमुक रकाना राहिला म्हणून. सिस्टर हे तक्रारीच्या सुरात सांगत नसत. त्यांनी त्यावर आपला उपाय काढला होता. अहवाल वर पाठवायच्या आदल्या दिवशी त्या सगळ्या सेविकांना आणि आशाताईंना बसवत आणि प्रत्येकीला आपलाच आकडा मोठ्याने वाचायला लावत. मग दोन प्रश्न. मागच्या महिन्यापेक्षा वेगळं काय? आणि पुढच्या मंगळवारी त्यासाठी काय करणार?

अशाच एका बैठकीत मी रिकाम्या जागेची किंमत शिकले. एका सेविकेने मातामृत्यूचा रकाना कोरा सोडला होता. सिस्टर म्हणाल्या, ‘‘झाला नाही तर निरंक लिही. कोरं सोडलंस म्हणजे तू विचारलंच नाहीस.’’ माझ्या व्यवसायात शून्य आणि रिकामा रकाना यांतला फरक पहिल्याच वर्षी शिकवतात. पण त्या कोऱ्या रकान्याच्या मागे एखादी बाई असू शकते, जिच्या दारापर्यंत कुणी गेलंच नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा पोचलं.

सिस्टरांच्या या ऋणाच्या मागे आणखी मोठी ऋणं आहेत, हे पुढे वाचताना लक्षात आलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी सत्तरच्या दशकात शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकच्या परिसरात काम सुरू केलं. गावातल्याच मुली-बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. त्याच परिसरात २००२ पासून केईएमच्या संशोधन केंद्राने बावीस गावांची कायमची मोजणी चालवली आहे. वर्षातून दोनदा घरोघर जाऊन कोण जन्मलं, कोण गेलं, कोण राहायला आलं, कोण सोडून गेलं, हे नोंदवायचं. मृत्यू झाला असेल तर घरच्यांशी बोलून त्याचं कारण शोधायचं. मला त्यातलं ‘कोण आलं, कोण सोडून गेलं’ हे सगळ्यात मोलाचं वाटतं. वढूचा परिसरही आमच्यासारखाच कारखान्यांच्या पट्ट्यातला, भाड्याच्या खोल्यांचा, सतत हलणाऱ्या माणसांचा. तिथे भाजक, म्हणजे सिस्टरांचा ‘खालचा आकडा’, दर सहा महिन्यांनी नव्याने लिहिला जातो. हे पुणे जिल्ह्यातच, चाकणहून फार लांब नाही अशा ठिकाणी दोन दशकांहून अधिक काळ चाललेलं आहे, म्हणजे ते अशक्य नाही. सिस्टरांना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘बानूबाईंचं नाव आम्ही ट्रेनिंगला ऐकलंय.’’ त्यांच्या स्वरात आपल्या घरातल्या वडीलधाऱ्या बाईविषयी बोलल्यासारखा आदर होता.

दुसरं ऋण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायांना नवजात बाळाची घरीच काळजी घ्यायला शिकवलं, आणि प्रत्येक जन्म-मृत्यू काटेकोर मोजला. नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. ती मोजणी नसती तर ती पद्धत देशभरच्या आशाताईंपर्यंत पोचली नसती. २००१ साली राज्यातल्या अनेक संस्थांनी मिळून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल काढला आणि महाराष्ट्रात प्रत्यक्षात होणारे बालमृत्यू सरकारी नोंदीपेक्षा कितीतरी अधिक आहेत हे दाखवलं. मेलेलं मूल मोजलं गेलं नाही, तर पुढचं वाचवायला कुणी येत नाही. हे वाक्य मी कुठल्याही सभेत बोलायला तयार आहे.

मार्च २०२० मध्ये हिंजवडी रिकामी झाली. ९ मार्चला पुण्यात राज्यातले पहिले करोना रुग्ण सापडले आणि महिना संपायच्या आत आम्ही सगळे घरून काम करू लागलो. भाड्याचे फ्लॅट सोडून पोरं गावी गेली, कॅम्पांतले मजूर मिळेल त्या वाटेने निघाले. रोज संध्याकाळी वाहिन्यांवर बाधितांचे आकडे झळकत. सिस्टरांचा फोन आला की आधी माझ्या आईची चौकशी आणि मग ‘‘तपासण्या किती केल्या ते सांगतात का गं?’’ तोवर ‘मॅडम’ची मी ‘अगं’ झाले होते. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या पाच प्रभागांत रक्ततपासणीची पाहणी झाली. आयसर, पुणे विद्यापीठ अशा संस्था त्यात होत्या. १,६६४ नमुन्यांपैकी निम्म्याहून अधिकांत, ५१.५ टक्क्यांत, प्रतिपिंडं आढळली. म्हणजे नोंदलेल्या रुग्णांच्या अनेक पटींनी लोकांना संसर्ग होऊन गेला होता. मी फोनवर वाचून दाखवलं, तर पलीकडून उत्तर आलं, ‘‘मग आता खाटा कुठे लागतील ते काढता येईल की.’’ बातमी ऐकून इतरांना भीती वाटली. सिस्टरांना तिच्यात पुढच्या आठवड्याचं काम दिसलं.

लसीकरणात तोच प्रश्न उलटा होऊन आला. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरच्यांना लस खुली झाली आणि कोविनवर कुणालाही कुठलंही केंद्र निवडता येत होतं. जलद इंटरनेट असलेली शहरातली तरुण मंडळी खेड्यातल्या केंद्रांवर नोंदणी करून गाडीने पोचू लागली. त्या केंद्रांचा टक्का चढत होता, पण गावातली माणसं ओट्यावरच बसून होती. सिस्टरांनी टोचलेल्यांच्या यादीपुढे गावाचं नाव लिहायचा रकाना हाताने आखला. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ते कागद तालुक्याच्या बैठकीत नेले. पुढे गावकऱ्यांसाठी वेगळी सत्रं भरली, तेव्हा कुठल्या वाडीपासून सुरुवात करायची हे केंद्रातल्या सगळ्यांना तोंडपाठ होतं.

मी स्वतः त्यांच्यासाठी केलेलं काम लहान आहे, पण ते सांगायला हवं, कारण त्याची कल्पना त्यांचीच. तक्त्यात कॅम्पांतल्या मुलांचे लसीकरणाचे चौकोन रिकामे राहत. सत्राचा वार ठरलेला आणि त्या वारी आया कामावर असत. सिस्टरांच्या वहीतून आम्ही कॅम्पांची यादी संगणकावर घेतली. कॅम्पाची जागा, ठेकेदार, कुठल्या राज्यातले लोक, पाणी कुठलं, पाच वर्षांखालची मुलं किती, हे सगळं आलं. मग त्या म्हणाल्या, ‘‘अजून एक रकाना कर. खर्ची कधी वाटतात ते.’’ मजुरांना आठवड्याची खर्ची मिळते त्या दिवशी ते कामाला जात नाहीत, बाजार करतात, आणि सकाळी सगळे कॅम्पातच असतात. वार कॅम्पागणिक वेगळे. तो रकाना भरल्यावर वैद्यकीय अधिकाऱ्यांनी काही सत्रं खर्चीच्या सकाळी लावली. आशाताईंच्या हातात छापील यादी दिली, तीत फक्त राहिलेल्या मुलांची नावं आणि खोलीचा क्रमांक. रिकामे चौकोन भरत गेले. माझ्या कंपनीतल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा मला त्या एका पानाचा अभिमान आहे.

सिस्टरांसारखाच विचार पुढे मला दूरच्या एका देशात सापडला. नव्वदच्या दशकात वर्णभेदी राजवट संपल्यावर दक्षिण आफ्रिकेत आरोग्याच्या माहितीची एक प्रणाली जन्मली, डीएचआयएस. पुढे ऑस्लो विद्यापीठाने ती वाढवली आणि आज अनेक देश ती वापरतात. माहिती जिथे जमते तिथल्याच लोकांनी ती आधी वापरावी, हा तिचा पाया. मी त्याबद्दल वाचलं ते सिस्टरांच्या बैठका पाहिल्यानंतर, म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही.

सिस्टर आता निवृत्त आहेत, पौडच्या बाजूला राहतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, हातापायांतली शक्ती गेलेले. सिंहगड रस्त्याच्या बाजूला नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत ते जास्त होते. एकूण रुग्ण दोनशेच्या वर गेले. मेंदूविकारतज्ज्ञांना एकाच भागातले इतके रुग्ण एकदम दिसले, नावं-पत्ते एकत्र आले, पत्ते नकाशावर मांडले गेले आणि बोट पाण्याकडे वळलं. राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या तपासणीत काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर हा जिवाणू सापडला. पहिल्या बातम्या आल्या त्याच दिवशी सिस्टरांनी मला फोन करून विचारलं होतं, ‘‘आपल्या यादीतला पाण्याचा रकाना भरलेला आहे ना?’’ तो भरलेला होता. टँकर, बोअर, ठेकेदाराची टाकी असं कॅम्पागणिक लिहिलेलं. ती यादी त्याच संध्याकाळी केंद्रात गेली आणि दुसऱ्या दिवसापासून आरोग्य सेवक त्या क्रमाने पाण्यातलं क्लोरीन तपासत फिरले.

आता आमच्या दोघींपुढे जनगणना आहे. २०२१ ची लांबली, आणि जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेप्रमाणे नव्या गणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. सोसायट्यांमधल्या लोकांना मी फॉर्म भरायला लावीन, ते कठीण नाही. सिस्टरांना काळजी पत्र्याच्या खोल्यांची. प्रगणक येईल तेव्हा माणसं कामावर असतील, आणि मुकादम सांगेल तो आकडा लिहिला जाईल. म्हणून त्यांनी मला काम नेमून दिलं आहे. हिंजवडी, माण आणि मारुंजीतल्या कॅम्पांची यादी अद्ययावत करून, खर्चीच्या वारांसकट, ग्रामपंचायतीत आणि तहसील कचेरीत नेऊन द्यायची. ‘‘एका सेविकेच्या वाट्याला आज किती माणसं आहेत ते एकदा सरकारी कागदावर येऊ दे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मग पाच हजाराला एक या हिशोबाने उपकेंद्रं मागायला मी स्वतः तुझ्याबरोबर येते.’’

माणची यादी झाली आहे. मारुंजीचे दोन ठेकेदार अजून खोल्यांचा आकडा देत नाहीत. त्यांच्याकडे खर्चीच्या दिवशी सकाळीच जायचं, असं सिस्टरांनी बजावलं आहे.